चंद्रावरची निळी मिरची

मिरची निळी होती.

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या पडद्यावर ती दिसत होती. लांबसडक, टोकाला किंचित वळलेली, आणि शाईत बुचकळून काढल्यासारखी निळीशार. तिच्या आजूबाजूची पानं मात्र हिरवीच होती.

"चंद्रावर थंडीनं काकडली वाटतं," सोहेल म्हणाला.

एरवी रुंजी त्याच्या असल्या विनोदांना सगळ्यात आधी हसायची. आज ती हसली नाही. ही मिरची तिची होती. म्हणजे तशी ती गडहिंग्लजजवळच्या त्यांच्या शाळेची होती, पण तिचं बी रुंजीनं आईच्या परड्यातल्या संकेश्वरी मिरचीतून निवडून दिलं होतं. चंद्रावरच्या काचघरात (रोपांसाठी बांधलेल्या, हवा भरलेल्या बंद घरात) बऱ्याच शाळांना एकेक कुंडी मिळाली होती. तिथं झाडांची देखभाल करणाऱ्या यंत्रमानवाला मुलं 'माळीदादा' म्हणत. माळीदादानं रोप वाढवलं, ब्रशनं फुलांवर पराग लावले, आणि अखेर रोपाला एक मिरची धरली. तिच्यातून पिकलेलं बी मिळालं, तर ते चंद्रावरच पुन्हा पेरलं जाणार होतं. म्हणजे चंद्रावर जन्मलेलं मिरचीचं पहिलं बी!

पण आज संध्याकाळी काचघरावरचा सूर्य मावळणार होता. चंद्रावरची रात्र आपल्या दोन आठवड्यांएवढी लांब असते. तेवढे दिवस वीज वाचवायची म्हणून काचघरातले दिवे बंद होतात आणि फक्त एक लहानसं ऊबदार कपाट चालू राहतं. त्या कपाटातली हवा दमट असते. त्यामुळे नियम सोपा होता. मिरची पिकलेली असेल, तर तोडून बी वाळवायचं. कपाटात ती कुजेल. मिरची कच्ची असेल, तर कुंडीच कपाटात ठेवायची. कच्ची तोडली तर तिचं बी रुजणार नाही. काय करायचं ते शाळेनं संध्याकाळपूर्वी कळवायचं होतं.

आणि मिरची ना हिरवी होती, ना लाल.

"माळीदादा, तुला कशी दिसतेय ती?" रुंजीनं माइकमध्ये विचारलं.

तिचा आवाज चंद्रावर पोहोचायला सव्वा सेकंद आणि उत्तर परत यायला सव्वा सेकंद. सोहेल नेहमी त्या वेळात भुवया उडवून दाखवायचा.

"सूर्य खाली गेलाय, बॅटरी कमी आहे," माळीदादाचा संथ आवाज आला. "एरवी मी कॅमेऱ्यातले आकडे शिजवून तुम्हाला तयार चित्र पाठवतो. आज चुलीला वीज नाही. म्हणून फक्त शिधा पाठवलाय. शिजवण्याचं काम तुमचं."

"शिधा?" सोहेल म्हणाला. "ह्याला आपली भाषा जरा जास्तच शिकवली आपण."

त्यांचे विज्ञानाचे शिक्षक नेसरीकर सर पडद्याजवळ आले. "म्हणजे रॉ फाइल आहे ही," ते म्हणाले. "रॉ फाइल (कॅमेऱ्यानं मोजलेले, अजून चित्र न झालेले आकडे) उघडायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. आपण 'झटपट'मध्ये उघडली, ते साधं आहे. 'मनमोहिनी'मध्ये उघडून बघू. ते हुशार सॉफ्टवेअर आहे. लाखो फोटो पाहून शिकलंय."

मनमोहिनीनं एका क्षणात चित्र उघडलं आणि रुंजीच्या तोंडून "अय्या!" निघालं. काय देखणं चित्र होतं ते! पानं लकाकत होती. मागचा अंधार मखमलीसारखा मऊ झाला होता. आणि मधोमध चकचकीत, कोवळी, हिरवीगार मिरची.

"झालं की!" सोहेलनं टाळी वाजवली. "कच्ची आहे. कपाटात ठेवा, विषय संपला."

सरांनीही मान डोलावली आणि माइक हातात घेतला. रुंजी अजून चित्राकडेच पाहत होती. काहीतरी खटकत होतं, पण ते मिरचीत नव्हतं. तिची नजर खाली उतरली.

"सर, थांबा! कुंडी बघा."

कुंडी निळी होती. सुंदर, मनमोहक, पण निळी.

"चंद्रावर पाठवण्याआधी आपण तिला गेरू लावला होता," रुंजी म्हणाली. "मी आणि सोहेलनं. वर चुन्याचे पांढरे ठिपके काढले होते. सोहेलच्या शर्टावरचा गेरू अजून निघाला नाही."

"अम्मी अजून बोलते त्यावरून," सोहेलनं साक्ष दिली.

"मग लाल कुंडी निळी दाखवणाऱ्या चित्रावर मिरचीच्या बाबतीत विश्वास कसा ठेवायचा?"

नेसरीकर सरांनी माइक खाली ठेवला. चूक दाखवली की सर रागवत नसत, उलट त्यांचे डोळे चमकत. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "आता हे माझ्याही आवाक्याबाहेरचं आहे. पण तुझ्या घरी तर ह्यातलं माणूस आहे! चला." फाइल आणि माळीदादाशी बोलायचा बिनतारी माइक सोबत घेऊन ते निघाले.

रुंजीची प्राजक्ता आजी पंचवीस वर्षं बंगळुरूत अंतराळयानांचे कॅमेरे बनवत होती. निवृत्त होऊन गावी आल्यापासून ती गल्लीतले मिक्सर दुरुस्त करायची, कारण तिला रिकामं बसवत नसे. तिघं पोहोचले तेव्हा ओट्यावर एक मिक्सर उघडून पडला होता आणि आजीच्या तोंडात स्क्रू होता.

"निळी मिरची?" स्क्रू काढून आजी म्हणाली. तिचा चेहरा एकदम उजळला. "दाखवा, दाखवा!"

दोन्ही चित्रं तिनं बारकाईनं पाहिली आणि स्वतःशीच हसली. मग तिनं आपला जुना संगणक उघडला. "आपण 'खलबत्ता'मध्ये उघडू. दिसायला हे सॉफ्टवेअर अगदी ओबडधोबड आहे. जगभरच्या लोकांनी मिळून फुकट बनवलंय, आणि आत काय चालतं ते कुणीही वाचू शकतं."

चित्र उघडलं. सोहेलनं नाक मुरडलं. पडद्यावर नुसता करडा अंधार होता.

"आजी, हे बिघडलंय."

"बिघडलं नाही रे. हाच तुमचा शिधा. मला सांग, शिध्यात काय असतं?"

"डाळ, तांदूळ, पीठ, मीठ, गूळ..."

"त्याची खिचडी करायची की वरणभात, ते कोण ठरवतं?"

"स्वयंपाक करणारा."

"आणि खिचडी झाल्यावर त्यातून डाळ-तांदूळ परत वेगळे काढता येतात?"

"निवडत बसलं तर..." सोहेल विचार करत म्हणाला, "...म्हातारा होईन."

"तसंच आहे. आपण मोबाइलवर बघतो तो फोटो म्हणजे शिजलेली खिचडी. रॉ फाइल म्हणजे शिधा. शिधा एकच, पण झटपटनं एक पदार्थ केला, मनमोहिनीनं दुसरा. आता आपण डबा उघडून आत नक्की काय आहे ते बघू."

आजीनं चित्र मोठं करत नेलं. मिरची पसरत पसरत नाहीशी झाली आणि पडद्यावर लहान लहान चौकोन उरले. काही उजळ, काही काळपट.

"कॅमेऱ्यात सेन्सर (प्रकाश मोजणारी चकती) असतो. त्यावर असे कोट्यवधी पिक्सेल (प्रकाश मोजणारे बारीक कप्पे) असतात. पण एक गंमत आहे. पिक्सेलला रंग कळतच नाही."

"रंग कळत नाही?" रुंजीला धक्काच बसला. "मग कॅमेरा काय कामाचा?"

"पावसात ठेवलेल्या वाटीला पाण्याचा रंग कळतो का? वाटी फक्त सांगते, एवढं पाणी पडलं. पिक्सेल सांगतो, एवढा प्रकाश पडला. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर एक रंगीत काच बसवतात. लाल काचेखालचा पिक्सेल फक्त लाल प्रकाश मोजतो, हिरव्या काचेखालचा हिरवा, निळ्याखालचा निळा. सोहेल, कुंपणावरून जास्वंदीची एक पाकळी, गोकर्णाचं एक फूल आणि दोन हिरवी पानं आण बघू."

सोहेल धावत जाऊन घेऊन आला. आजीनं एका ताटलीत ती मांडली. वरच्या ओळीत डावीकडे लाल पाकळी आणि उजवीकडे पान. खालच्या ओळीत डावीकडे पान आणि उजवीकडे निळं गोकर्ण.

"सेन्सरवर हीच नक्षी पुन्हा पुन्हा असते, फरशीसारखी."

"पण मग लाल काचेखालच्या कप्प्याला निळा किती होता ते कसं कळणार?" रुंजीनं विचारलं.

"घरात साखर संपली की तू काय करतेस?"

"वाटी घेऊन शेजारी जाते."

"अगदी तेच! लाल पिक्सेल आपल्याकडे नसलेला हिरवा आणि निळा शेजाऱ्यांकडून मागून घेतो. म्हणजे खरं तर त्याच्या वतीनं सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. चित्रातले दोन तृतीयांश रंग असे उसने असतात."

"बाप रे," नेसरीकर सर पुटपुटले. ते मुलांच्या मागे उभं राहून वहीत आकृती काढत होते.

"म्हणजे नक्षी माहीत नसेल," रुंजी सावकाश म्हणाली, "तर सॉफ्टवेअर चुकीच्या शेजाऱ्याचं दार वाजवेल. साखर मागायला जाऊन मीठ आणेल."

आजीनं तिच्याकडे पाहिलं. मग ताटली पुढे सरकवली.

रुंजी ताटलीकडे पाहत राहिली. लाल कुंडी निळी दिसते. पानं मात्र हिरवीच. लाल आणि निळ्याची अदलाबदल झाली, पण हिरवा जागचा हलला नाही, असं कशानं होईल? तिनं पाकळी उचलून गोकर्णाच्या जागी ठेवायला हात पुढे केला आणि मध्येच थांबली. काचा काही कुणी काढून पुन्हा बसवल्या नसणार. मग? तिनं ताटलीच्या कडा धरल्या आणि अख्खी ताटली अर्धी फिरवली.

आता वर डावीकडे गोकर्ण होतं आणि खाली उजवीकडे जास्वंद. दोन्ही पानं एकमेकांच्या जागी गेली होती, पण तिथं पानंच होती.

"उलटा!" रुंजी ओरडली. "कॅमेरा उलटा आहे!"

"पण कॅमेरा तर पहिल्यापासून छताला उलटाच टांगलाय," सर म्हणाले. "तेव्हा रंग बरोबर यायचे." आणि एकदम त्यांनी कपाळावर हात मारला. "अक्काताई!"

अक्काताई म्हणजे शाळेत दुपारचं जेवण बनवणाऱ्या ताई. उन्हाळ्यात त्यांनी शाळेच्या भिंतीवर लावलेलं चंद्रावरच्या कुंडीचं चित्र पाहिलं होतं. कॅमेरा उलटा असल्यामुळे चित्रात कुंडी वर आणि झाड खाली लोंबत होतं. 'अगंबाई, पालथी कुंडी? फळाला आलेल्या झाडाची अशी पालथी कुंडी भिंतीवर लावतात काय? आधी सरळ करा, मगच वाढते!' सगळ्यांना भूक लागली होती. म्हणून सरांनी त्याच मिनिटाला माळीदादाला कळवलं होतं, की कॅमेरा सरळ कर.

"माळीदादानं कॅमेरा हलवला नसणार," आजी म्हणाली. "त्यानं सेन्सरला सांगितलं असणार, की आकडे खालच्या टोकापासून वाच. म्हणजे चित्र सरळ. पण आता सगळ्यात आधी लाल कप्प्याऐवजी निळा कप्पा येतो. माळीदादा स्वतः चित्र शिजवत होता तोवर त्याला हे ठाऊक होतं. आज शिधा पाठवला, तेव्हा सोबत फक्त कॅमेऱ्याचं नाव गेलं. झटपटनं नाव वाचलं आणि म्हणालं, ह्या कॅमेऱ्यात पहिला लाल. झालं."

"आणि मनमोहिनी?" सोहेलनं विचारलं.

"तिनंही तीच चूक केली. पण तिला निळी मिरची दिसली तेव्हा ती म्हणाली, अशी कुठं मिरची असते? मी पाहिलेल्या बहुतेक मिरच्या हिरव्या होत्या. म्हणून तिनं ती हिरवी रंगवली. कुंड्या मात्र निळ्याही असतात, त्यामुळे कुंडी तशीच ठेवली."

"म्हणजे न विचारता रंगवली? आणि सांगितलंही नाही?"

"तिला सांगताच येत नाही. वाढदिवसाच्या फोटोला मनमोहिनी फारच छान. मी पण वापरते, सुरकुत्या जातात." आजी खुदकन हसली. "पण काही शोधून काढायचं असेल, तर सॉफ्टवेअर निवडताना एकच प्रश्न विचारायचा. तू काय काय बदललंस ते मला दाखवशील का? खलबत्ता दाखवतो. प्रत्येक पायरी. बस इथं, आता तूच कर."

रुंजी खुर्चीत बसली. 'पहिला कप्पा' असं लिहिलेल्या ठिकाणी 'लाल' होतं. तिनं तिथं 'निळा' निवडलं.

करड्या अंधारात रंग आले, पण सगळं चित्र जांभळट गुलाबी झालं.

"काचघरातले दिवेच तसे आहेत. झाडांना लाल आणि निळा प्रकाश जास्त आवडतो," आजी म्हणाली. "आता श्वेतसंतुलन (दिव्याचा रंग वजा करून पांढऱ्याला पांढरं ठरवणं) करायचं. चित्रात नक्की पांढरं काय आहे ते खलबत्त्याला दाखव."

रुंजीनं क्षणभर शोधलं आणि कुंडीवरच्या चुन्याच्या ठिपक्यावर टिचकी मारली.

गुलाबी धुकं विरलं. कुंडी गेरूची झाली, त्यांच्या घरातल्या चौथऱ्यासारखी, सोहेलच्या शर्टासारखी. आणि तिच्यावर, पानांच्या आडून, लाल मिरची! लालभडक, देठापासून टोकापर्यंत.

"पिकलीय!" रुंजी खुर्चीतून उठलीच. "तोडायला सांगू या! सर, लवकर!"

"थांब की जरा," सोहेल म्हणाला. तो पडद्याच्या अगदी जवळ गेला होता. "त्या मोठ्या पानाखाली फारच अंधार आहे. तिथं काय आहे?"

"सावली आहे रे. काही नाही."

"तुला कसं माहीत? तू पण मनमोहिनी झालीस काय?"

रुंजीनं जीभ चावली. आजी मोठ्यानं हसली. "बरोबर बोलला! साध्या फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दोनशे छप्पन्न पायऱ्या असतात. ह्या रॉ फाइलमध्ये सोळा हजारांहून जास्त. जिथं आपल्याला नुसता काळोख दिसतो, तिथंही पिक्सेलांनी पुष्कळ मोजून ठेवलेलं असतं. 'सावली' म्हणून पट्टी आहे, ती हळूच सरकव."

रुंजीनं पट्टी सरकवली. पानाखालचा काळोख तपकिरी झाला, मग खरखरीत हिरवट. त्यात एक रेघ दिसू लागली. मग रेघेला वळण आलं. मग वळणाला देठ आला.

दुसरी मिरची! छोटीशी, बोटाच्या पेराएवढी, आणि खरोखरची हिरवी.

"मनमोहिनीनं ही सावलीतली खरखर समजून पुसली होती," आजी म्हणाली. आता तिलाही उभं राहिल्याशिवाय राहवेना.

सोहेल दोन्ही हात वर करून ओट्यासमोर नाचत होता. "मी म्हटलं नव्हतं, हिरवी आहे म्हणून? म्हटलं होतं की नाही?"

"तू वेगळीच म्हणत होतास!"

"मिरची हिरवी म्हटलं होतं. आहे हिरवी!"

"मुलांनो, सूर्य," नेसरीकर सर म्हणाले, आणि सगळे भानावर आले.

आजीनं खलबत्त्यातून चित्राचं रूपांतर केलं, म्हणजे त्या आकड्यांचं कुठल्याही पडद्यावर दिसेल असं साधं चित्र बनवून घेतलं. काचघर चालवणाऱ्या केंद्राला निर्णयासोबत तसं चित्र लागत असे. शिध्याचा डबा तसाच राहिला. खलबत्ता मूळ फाइलला हात लावत नाही, फक्त काय केलं ते शेजारी लिहून ठेवतो. सरांनी चित्र पाठवलं आणि माइक रुंजीसमोर धरला.

"माळीदादा, लाल मिरची तोड आणि बी वाळव. आणि कुंडी कपाटात ठेव. मोठ्या पानाखाली अजून एक आहे, हिरवी. तिला धक्का लावू नकोस."

ह्या वेळी सोहेलनं भुवया उडवल्या नाहीत.

"दुसरी मिरची माझ्या नोंदीत नाही," माळीदादा म्हणाला. मग, "पान उचललं. आहे. नोंद केली." आणि थोड्या वेळानं, "तोडली. बी पिवळसर आणि टणक. कुंडी कपाटात. आता मी दिवे बंद करतो. शुभ रात्री."

"आमच्याकडे अजून चहाची वेळ आहे," आजी म्हणाली. मग तिनं मिक्सर बाजूला सारला आणि खरोखरच चहा ठेवला.

चंद्रावर रात्र झाली, सरली, आणि पुन्हा दिवस उगवला. बॅटऱ्या भरल्या. माळीदादा पुन्हा चित्रं शिजवू शकत होता, पण शाळेनं त्याला कळवलं, की आम्हाला शिधाच पाठव. वर्गात आता सगळ्यांनाच खलबत्ता चालवता येत होता. कुणी त्यात गावाबाहेरच्या तळ्यातल्या पक्ष्यांचे फोटो उघडत होतं, कुणी आजोबांच्या जुन्या कॅमेऱ्यातलं आईचं बारसं. पहिला कप्पा कुठला ह्यावर मधल्या सुट्टीत भांडणंही होत.

आणि एका सकाळी नव्या कुंडीची फाइल आली. त्या कुंडीत लाल मिरचीचं बी पेरलं होतं.

रुंजीनं ती उघडली. नेहमीप्रमाणे करडा अंधार. नुसते आकडे, अजून रंग न चढलेले. पण त्या करड्या मातीच्या मधोमध, मातीचा एक कण डोक्यावर घेऊन, वाकलेल्या मानेचं काहीतरी इवलंसं वर येत होतं.

सगळा वर्ग पडद्यासमोर गोळा झाला.

"रंग लावू?" रुंजीनं हळूच विचारलं.

"लावू या की," सोहेल म्हणाला. "पण जरा थांब. आधी असंच बघू दे."